साडेचारशे व्होल्टची पेटी

मी झटक्यांची पेटी बोलतेय. घाबरू नका, जवळ या. माझ्यामुळे आजवर कुणाला मुंगी चावल्याइतकाही झटका बसलेला नाही.

१९९३ साली भोकरदनच्या एका कॉलेजात मानसशास्त्राच्या सरांनी मला करून घेतलं. रायभान मिस्त्रीने प्लायवूड ठोकलं, वीस बटणं बसवली आणि शेवटच्या बटणाखाली ‘४५० व्होल्ट’ असं रंगवलं. गावात दोनशे व्होल्ट यायची मारामार, पण माझा थाट बघा!

प्रयोग परदेशातला, जुनाच. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की बटण दाबायचं, दर वेळी पुढचं. आतला माणूस खोटं खोटं ओरडणार. नुसतं सांगितल्यावर माणूस कुठवर दाबत जातो, तेवढं सरांना बघायचं होतं. ओरडायला शिपाई कडूबा. पहिल्या दिवशी त्याची बोंब ऐकून चहावाला धावत आला.

एकोणीस माणसं झाली. बहुतेकांनी घाम पुसत शेवटपर्यंत दाबलं. कडूबाला ते खपेना.

“सर, ही परकी माणसं. माझ्या दादाला आणतो. पहिल्या बोंबेला उठतो का न्हाई, बघा!”

पिंपळगाव रेणुकाईहून भुजंगदादा आला. बापामागे त्यानेच कडूबाला वाढवलेलं. टोपी काढून तो सरांपुढे अवघडून बसला. त्याच्या डोळ्यांदेखत कडूबाला आत खुर्चीला बांधलं.

पाचव्या बटणाला कडूबा ओरडला. दादाचा हात थांबला.

“सर, त्याला लागून राह्यलं.”

“चालू ठेवा.”

“जी.”

दहाव्याला कडूबा ठरलेलं बोलणं विसरला. “दादा, मी हाय! ऊठ ना!”

दादा रडत होता. डाव्या हाताने डोळे पुसायचा, उजव्याने बटण दाबायचा. विसावंही त्याने दाबलं. सरांनी वहीत बरोबरची खूण केली.

कडूबा बाहेर आला.

“लई लागलं का रे?”

“न्हाई दादा. सगळं खोटं होतं.”

“मंग आधी काहून सांगितलं न्हाई?”

“सर म्हणले, सांगू नको.”

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. मला फार वाईट वाटलं.

पुढे सरांची बदली झाली. जाताना ते कडूबाला म्हणाले, “मी सांगेपर्यंत पेटी जपून ठेव.” आठ वर्षं झाली. मी खडूंच्या खोक्यांमागे पडून आहे आणि कडूबा मला दर सोमवारी पुसतो.

परवा दारात भुजंगदादा उभा. पार पिकलाय.

“कडू, झालं ते झालं. ही पेटी फोड अन् घरी चल. तुझी वहिनी वाट बघून राह्यली.”

फोड रे बाबा, मी मनात म्हटलं, एकदाची फोड!

कडूबाने हातातल्या फडक्याची घडी केली. “फोडतो, दादा. बिलकुल फोडतो. फकस्त सरांना एक पत्र टाकून विचारतो.”

दादा पायरी उतरला.

सरांचं उत्तर अजून आलेलं नाही. म्हणून तुम्हालाच हात जोडते. इकडे आलात तर हातोडी घेऊन या, आणि कुणालाही विचारू नका.