अकरावे बटण

बटण १ : दारापाशी दिवा

मी एक जुना स्विचबोर्ड आहे. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात, दाराला लागूनच, मी भिंतीवर बसलो आहे. मला अकरा बटणे आहेत. मित्रांनो, माझी गोष्ट मी बटणांच्या क्रमाने सांगणार आहे. मधली काही नुसतीच जातील, रागावू नका. माझ्या पोटातल्या ताराही काही सरळ नाहीत.

बटण २ : बाहेरच्या खोलीचा पंखा

मला या घराच्या मालकांनी, काकांनी बनवले. काका वायरमन होते. आठवडाभर दुसऱ्यांच्या भिंती फोडायचे आणि सुट्टीच्या दिवशी माझी सागवानी फळी घासत बसायचे. कोणते बटण कशाचे, हे त्यांनी कुठेच लिहिले नाही.

"अहो, चिठ्ठ्या तरी लावा," काकू म्हणाल्या.

"कशाला? मी आहे ना!"

बटण ३, ४, ५ : दिवा, पंखा, दिवा

विशेष काही नाही.

बटण ६ : एसी

काका गेले. जिना चढवेना म्हणून काकू खालच्या खोलीत राहू लागल्या आणि वरचे घर दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांना भाड्याने देऊ लागल्या. त्याआधी रंगारी आला होता. त्याने भिंतीबरोबर माझी कडही रंगवली. कडेचे शेवटचे बटण रंगाखाली गाडले गेले. चालूच राहिले. त्याचे पुढे सांगतो.

पाहुणे एक दिवा लावायला चार बटणे दाबायचे. बाहेर पडताना माझ्याकडे बघून म्हणायचे, "राहू दे बाबा, फ्रिजच बंद झाला तर दूध नासेल." आणि जायचे. मग रिकाम्या घरात एसी भिंतींना गार करत बसे. गिझर कोणासाठीही नसलेले पाणी तापवत बसे. संध्याकाळपर्यंत माझे अंग चटके बसण्याइतके तापलेले असे.

बटण ७

हे जरा अडकते. माफ करा.

बटण ८ : स्वयंपाकघर

काकूंनी माझ्या शेजारी कागद चिकटवला. 'वीज वाचवा! निघताना नको ती बटणे बंद करा!! ही विनंती नसून सूचना आहे!!!' पाहुणे कागद वाचायचे, माझ्याकडे बघायचे, पुन्हा कागदाकडे बघायचे. एसी चालूच.

शेवटी काकूंचा धाकटा भाऊ आला. "ताई, हे धूड काढून टाकू. हॉटेलात असतं तसं कार्ड बसवू. कार्ड काढलं की सगळं बंद. रविवारी माणूस आणतो."

"यांनी हातानं बनवलाय रे तो."

"भाऊजींचा फोटो आहे की तुझ्याकडे. आठवण म्हणून वीज जाळत बसणार आहेस का?"

वीज वाया जात होती, हे खरेच होते. मलाही ते कळत होते. उपायही माझ्याच अंगावर होता. पण बोर्डाला तोंड नसते.

बटण ९ : गिझर

शनिवारी एक निवृत्त बस कंडक्टर आजोबा आणि आजी राहायला आले. फिरायला निघाले तेव्हा काकूंनी त्यांना जिन्यातच गाठले.

"गिझर बंद केलात ना? कागद वाचलात ना?"

"तीनदा वाचला, ताई. तोंडपाठ आहे. पण बंद करायचं कोणतं? गिझर म्हणून दाबलं ते हिच्या डोक्यावरचा पंखा निघालं. दोनदा बोलणी खाल्ली."

"तिसऱ्यांदाही खाल," आजी म्हणाल्या.

"त्यात काय अवघड आहे? चला, दाखवते."

काकू गुडघा धरून वर आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बोट उचलले. बोट तसेच हवेत राहिले. त्यांनाही माहीत नव्हते! चौतीस वर्षे त्या फक्त म्हणत आल्या होत्या, "अहो, गिझर लावा."

मग आजी न्हाणीघरात, काकू माझ्यापाशी, आजोबा मधल्या दारात.

"आठ!"

"काही नाही!"

"नऊ!"

"विझला! लाल दिवा विझला!"

"लिहा ताई, नऊ गिझर. चला, पुढे सरका, पुढे सरका!"

काकूंनी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापल्या आणि एकेक चिकटवली.

बटण १० : जिन्याचा दिवा

झाले, असे काकूंना वाटले.

बटण ११

"अजून एक आहे," आजोबा म्हणाले.

"दहाच आहेत हो."

"माणसं मोजण्यात जन्म गेला माझा. हा रंगाखाली कोण लपून बसलाय?"

त्यांनी किल्लीने खरवडले. पोपडा पडला. काकूंनी अंगठ्याने जोर दिला.

टक्.

पंखे मंदावले. एसी गप्प झाला. दिवे विझले. एका बटणात सगळे घर थांबले. फ्रिज तेवढा आपला घुरघुरत राहिला. त्याची तार काकांनी मुद्दाम वेगळी ओढली होती.

मग काकू म्हणाल्या, "मी पिशव्या घेऊन खाली उभी असायचे. हे म्हणायचे, 'एक मिनिट', आणि परत वर जायचे. मला वाटायचं, कुलूप ओढून बघतायत. किती करवादायचे मी त्यांच्यावर."

रविवारी भाऊ माणूस घेऊन आला. काकूंनी भावालाच अकरावे बटण दाबायला लावले. टक्. त्या माणसाने माझे झाकण उघडले, आत पाहिले आणि पक्कड परत पिशवीत टाकली. "काम चोख आहे. मी हात लावणार नाही."

मित्रांनो, आता तो उद्गारचिन्हांचा कागद नाही. माझ्या कडेला चिठ्ठी आहे : 'निघताना हे एकच. फ्रिज चालू राहील, दुधाची काळजी नको.' पाहुणे दाबतात. आधीचेही वाईट नव्हते. त्यांना कोणी दाखवलेच नव्हते. तुम्ही परक्या घरी उतरलात, तर विचारून घ्या. तुमच्या घरी कोणी आले, तर रागावण्याआधी दाखवा. रिकाम्या खोलीला पंखा लागत नाही.

काल एक कुटुंब निघाले. अर्ध्या जिन्यातून त्यांच्यातला एक जण मागे फिरला.

"एक मिनिट," तो म्हणाला.

खाली काकूंनी चटकन मान वर केली.