लाथ न बसलेले उंदीर

काकाने बाबांच्या कमरेत लाथ घातली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. दोघे हुबेहूब जुळे, दोघे खाटीक, एकाच ठोकळ्यावर समोरासमोर काम करणारे. बाबांच्या हातून सुरा सुटला आणि काकाची करंगळी तुटून पडली.

"सकाळीच ढोसलीस का रे?" ओरडत काकाने त्यांना आडवं केलं आणि हाणली. बाबा नुसत्या चहावर होते.

वर्षभरात त्यांचे पाय गेले. मग हात, मग नजर, शेवटी गिळणं. डॉक्टर म्हणाले, शरीराचे पहारेकरीच मज्जातंतूंचं आवरण कुरतडताहेत. कुंपणच शेत खातंय. तिने मान डोलावली, मनात मात्र दोष लाथेलाच दिला. बारा वर्षं काकाशी अबोला.

ती प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायला लागली. तिथल्याच जुळ्यांच्या अभ्यासासाठी बाबांनी मागितली म्हणून काकाने स्वतःच्या विष्ठेची डबी मुकाट दिली होती. बाबांना जाऊन दीड महिना झाल्यावर, कुठल्या पिंजऱ्यात कुणाचे जंतू हे लिहिलेली बंद पाकिटं उघडली, आणि काका निकाल बघायला आला. दोघं काचेबाहेर उभी राहिली.

"डावीकडे तुझ्या पोटातले जंतू दिलेले. उजवीकडे बाबांच्या."

डावीकडे एकच लंगडत होता. उजवीकडचे बहुतेक मागचे पाय ओढत, एकमेकांना तुडवत अन्नाकडे सरकत होते.

"एका पोटातून आलो, आणि पोटं अशी वेगळी?"

"ही उंदरांची जात मुळातच या दुखण्याकडे झुकलेली. तुझ्या जंतूंनी बहुतेकांना सोडलं. बाबांच्या जंतूंनी पाडलं."

"यांना लाथ कुणी मारली?"

"कुणीच नाही."

काकाने चार बोटांचा पंजा काचेवर ठेवला. "मग बारा वर्षं तू मला का मारलंस, पोरी?"

तिला ठोकळा आठवला. "सुरा लाथेच्या आधी सुटला होता, काका. दुखणं तेव्हाच हातात शिरलं होतं."

"असेल. पण लाथ मीच मारली. पडलेल्याला मारली. तेवढी पोटात घाल."

ती आत गेली. पाठीचे कणे तपासायला आज सगळे उंदीर मारायचे होते. मानेवर सळई दाबायची, शेपूट ओढायची. कट्. पुन्हा कट्. सहावा ठेवून तिने वर पाहिलं. जन्मभर जनावरं कापलेला माणूस काचेकडे पाठ करून उभा होता, खांदे हलत होते.

तिने काचेवर टकटक केली. "काका, जाऊ नकोस. माझे अजून दहा मारायचे राहिलेत."