फक्त त्याची वाक्यं

दुसऱ्यांना बोलतं करणं हेच जिचं काम, त्या ताईची आज बाईंसमोर बोबडी वळली होती.

ताई करिअर कोच होती. नोकरीत गाडी अडलेली माणसं तिच्याकडे यायची, आणि ती स्वतः दर महिन्याला बाईंकडे जायची. बाई म्हणजे कोचची कोच. ताईचं कुठे चुकतंय का ते पाहायचं आणि वेळ आली तर कान उपटायचे, हे त्यांचं काम. आजवर ताईने त्यांना सोपी, सरळ प्रकरणंच सांगितली होती. लॅबवाल्याला मात्र दडवून ठेवलं होतं. रक्ततपासणीच्या लॅबमधला हा तरुण. साहेब चारचौघांत त्याचा पाणउतारा करायचा. उद्या तो राजीनामा देणार होता. म्हणून आज ताईने तोंड उघडलं.

"मागच्या वेळी तो काय म्हणाला?" बाईंनी विचारलं. "फक्त त्याची वाक्यं सांग. तुझी नकोत."

"मी त्याला म्हटलं, किती सहन करशील..."

"हे तुझं झालं."

"तो 'हो' म्हणाला."

"बरं. पुढे?"

"'बघतो' म्हणाला."

"तासभर बसला होता ना गं? की मुका आहे बिचारा?"

ताई ओशाळून हसली.

"आई आजारी असते, असं म्हणाला होता. मी म्हटलं, या सबबी आहेत." तिचे कान तापले. "बाई, आमच्या बाबांनी जन्मभर साहेबाची बोलणी खाल्ली. मला वाटलं, निदान हा तरी..."

"राजीनामा बाबांचा नाहीये, बाळा. लाव फोन. 'दे' म्हणायचं नाही, 'देऊ नको'ही म्हणायचं नाही."

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"ताई! तुम्हालाच करणार होतो. उद्यापर्यंत धीर टिकेना, आत्ताच देऊन आलो. खूश ना?"

'परत घे' हे शब्द ताईच्या अगदी ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

"माझं राहू दे. तुला कसं वाटतंय?"

पलीकडे जिना उतरणारी त्याची पावलं थांबली.

"भीती वाटतेय. आईला काय सांगू?"

ताईने बाईंकडे पाहिलं.

"मी तुझं ऐकूनच घेतलं नाही रे," ताई म्हणाली. "तुला ढकललं. चूक माझी आहे."

"हे आता सांगताय?"

त्याचा आवाज चिरकला. फोन मात्र त्याने ठेवला नाही.