राईची उसनी माळ

मी एक जुनी पुतळ्यांची माळ आहे. अस्सल सोन्याची, खोटं वाटेल त्याने घासून बघावं. भाईंदरच्या सोनाराने मला राई गावच्या सरूबाईसाठी घडवलं. गावात गरिबाघरी लग्न निघालं की सरूबाई मला उसनी द्यायची. मित्रांनो, मांडवात माझी काय वाहवा व्हायची! लग्नानंतरची पूजा आटोपली की मात्र परत डब्यात. मग कोणी विचारत नसे.

अडुसष्ट साली मिठागरावर काम करणाऱ्या राईच्याच लवूसाठी शेजारच्या मुर्धा गावची शेवंती बघितली. तिचा बाप म्हणाला, "सोनं न्हाय तर पोरगी न्हाय." लवूने मला पुढे करून ठोकून दिलं, "घरचीच हाय." लग्न लागलं. मग लवूच्या आईने "उजळायला टाकते" म्हणून मला सुनेच्या गळ्यातून उतरवलं, ते थेट सरूबाईच्या घरी.

शेवंती वाट बघत राहिली. पुढच्या लग्नसराईत तिने मला दुसऱ्याच नवरीच्या गळ्यात पाहिलं. माझी एक पुतळी वाकडी. तिने बरोबर ओळखलं आणि भरल्या पानावरून उठून गेली.

मी डब्यात परतले, तशी ती लवूला पुढे घालून सरूबाईच्या दारात हजर.

"काकी, माळ द्या. आजच्यापुरती."

"आता कुनाचं लगीन?"

"माझंच. राहतंय का मोडतंय, ते बघायचं हाय."

लवू गयावया करू लागला, "शेवंते, तुझ्या बाला सांगू नको. तुला अशीच करून देतो."

"मला माळ नको. तुझ्या तोंडाने सांग. न्हायतर मी मुर्ध्यालाच राहते."

सरूबाईने मला फडक्यात बांधून दिलं. "जा रं. बोलताना जीभ उचलत होती, आता पाय उचल."

मुर्ध्याच्या ओटीवर लवूने मला सासऱ्यापुढे ठेवलं. "मामा, ही सरूबाईची. मी खोटं बोललो."

कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. बाप गरजला, "पोरगी इथं ठेव, नि माळ घेऊन चालता हो!"

मला वाटलं, मोडला संसार. शेवंतीने मला फडक्यात गुंडाळलं. "बा, सोनं तुला पायजे होतं. मला हा पायजे होता. मी जाते. पुन्हा खोटं बोलला तर माझी मी येईन."

बाहेर पडल्यावर लवूला म्हणाली, "चल आता. वाटेत रडू नको, लोक हसतील."

मित्रांनो, उद्या तुमचीही लग्नं होतील. उसनं सोनं खुशाल मिरवा, पण जिच्याशी संसार करायचा तिला आधी सांगा. आणि काम झाल्यावर मला मऊ फडक्यात ठेवा. मी माळ आहे, सुक्या बोंबलांची जुडी नव्हे.