उभं राहायचं काम

चिंधूकाका जळता कंदील दोरीला बांधून टाकीवर वाकला, तेवढ्यात अमिताबाईंनी तो त्याच्या हातातून हिसकावला, दूर नेला आणि फुंकून विझवला. सौंसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या रसाच्या कारखान्यात त्या त्याच सकाळी सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झाल्या होत्या. लोधीखेड्याची मुलगी, नागपुरात सुरक्षेचा डिप्लोमा केलेली. वय असेल अठ्ठावीस.

"काहून हो बाई?" काका चिडला. "मी हवा पाहून राहिलो होतो. अर्धा जन्म हिरी खोदल्या आमी. कंदील सोडायचा. इझला तर उतरायचं नाही, जळत राहिला तर उतरायचं. माया बापानं शिकवलं हे."

"विहिरीसाठी वडिलांनी बरोबरच शिकवलं, काका. पण ही सांडपाण्याची टाकी. आत साली सडून राहिल्या आहेत. इथला वायू दिवा विझवत नाही, दिव्यानं स्वतः पेटतो."

काकाच्या हातात दोरीचं टोक तेवढं उरलं होतं. पॅकिंगवरचा राजू म्हणाला, "काका, आज सरळ वैकुंठाचं तिकीट काढून राहिले होते तुमी! आम्हालेही सोबत नेत होते." सगळे हसले. काका हसला नाही. वडिलांचं ज्ञान खोटं नव्हतं, जागा बदलली होती. हे त्याला फार लागलं असावं.

दुसऱ्या दिवसापासून पॅकिंगच्या शेडमध्ये तीन दिवसांचं प्रशिक्षण सुरू झालं. मी इथला स्टोअरकीपर, रवींद्र. मोहगावला महादेवाच्या देवळात कीर्तन असलं की माझी जागा ठरलेली, झांज माझ्याकडे. म्हणून वाटलं, तीन दिवस कोण ऐकणार हे कोरडं? पण बाई उभ्या राहिल्या आणि कीर्तनकारासारखा आधी विषय मांडला. "वास येत नाही म्हणजे हवा चांगली, असं समजू नका. पहिल्या दोन श्वासांत सडक्या अंड्यांचा वास येतो. मग येईनासा होतो. वायू गेलेला नसतो, नाक मेलेलं असतं."

देवानं दिलेलं नाकच साक्ष फिरवतं! जन्मभर ज्या हवेवर जगलो तिच्याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, असं वाटून मी हळूच एक श्वास घेऊन पाहिला. शेजारचा उत्तमही तेच करत होता.

मग त्यांनी आख्यान लावलं. एका गावात तीन भाऊ. मोठा टाकीत उतरला, पडला. मधला त्याला काढायला उतरला. धाकटा दोघांना काढायला.

"मंग?" मागून कोणी विचारलं. कीर्तनात विचारतात, अगदी तसं.

"मग काही नाही," बाई म्हणाल्या. "तिघंही."

बाईंनी खडूनं जमिनीवर टाकीचं तोंड काढलं.

"म्हणून टाकीच्या तोंडाशी एक माणूस ठेवायचा. आतल्याच्या पट्ट्याची तार तिपाईवरच्या चरखीला, आणि चरखी याच्या हातात. याचं काम उभं राहायचं. आतला पडला तर चरखी फिरवायची, ओरडून मदत मागायची. काहीही झालं तरी उतरायचं नाही."

"सख्खा असला तरी?" काकानं विचारलं.

"सख्खा असला तर जास्तच, काका."

दोन महिन्यांनी, ऐन हंगामात, टाकीतला पंप गाळात अडकला. बाईंनी तासभर ताजी हवा आत फेकणारा ब्लोअर लावला, यंत्र खाली सोडून हवा मोजली. ठीक होती. आत जायचं होतं पंपावरच्या गौतमला, म्हणजे काकाच्या एकुलत्या एक मुलाला. वर उभा राहणारा श्रावण तापानं घरी. त्या पाळीत चरखी चालवायला शिकलेला दुसरा एकच माणूस होता, चिंधूकाका.

बाई उतरण्याच्या परवान्यावर सही करेनात. "काका, तुम्ही नको. काम उद्यावर टाकू."

"पाणी वळवलं ती दुसरी टाकी भरत आली बाई, रात्री वाहून नाल्यात जाईन. नाल्याचं पाणी ढोरं पेतात."

"गौतम पडला तर उतराल?"

"नाही उतरणार."

"पुन्हा सांगा."

"नाही उतरणार."

तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज फाटला. बाईंनी सही केली, पण तिथून हलल्या नाहीत. गौतम पट्टा बांधून हसत म्हणाला, "बाबा, झोपू नका बरं वर," आणि शिडीनं उतरला.

गाळ ढवळला गेला, त्यात दबलेला वायू सुटला आणि गौतमच्या छातीवरचं हवा मोजायचं यंत्र किंचाळलं. बाई ऑक्सिजनच्या नळकांड्याकडे धावल्या. मी हातमोजे घेऊन येत होतो. वाकून पाहिलं तर गौतम शिडीकडे वळला, एक हात वर केला आणि गुडघ्यावर बसला. मग आडवा झाला.

तीन दिवस मीही शिकलो होतो. तरी मीच ओरडलो, "काका, उतर ना! पोरगं गेलं!"

राजू धावत आला आणि थेट टाकीच्या तोंडात पाय घालू लागला. काकानं त्याला खांद्यानं असा ढकलला की तो पाठीवर पडला. "मागं हो बे!" हात चरखीवरून काढले नाहीत. तार ताणली. काका फिरवत होता, ना जोरात ना हळू, बाईंनी शिकवली होती तशीच. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात रिकामा नव्हता. खाली पोटचा पोर, मधे दहा फूट हवा, आणि हा बाप जागचा हलत नव्हता.

कीर्तनात मी उडी घेणारे पुष्कळ ऐकले. आगीत, पुरात, रणात. उडी न घेणारा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि हातातले मोजे कधी गळून पडले ते कळलंच नाही.

गौतमचं डोकं वर आलं. आम्ही त्याला बाजूला मोकळ्यावर निजवलं, बाईंनी मास्क लावला. एक क्षण काहीच नाही. मग छाती हलली. मग खोकला, उलटी, आणि शिवी. मायची शपथ, इतकी गोड शिवी मी ऐकली नाही.

सौंसरच्या दवाखान्याची गाडी त्याला घेऊन गेली. निघताना गाडीत बसायला काकाला हाक मारली होती, पण तो अजून चरखीशीच. बोटं दांड्याला आवळलेली. बाईंनी एकेक बोट सोडवलं.

"बाई," तो पुटपुटला, "उतरलो तर नाही ना मी?"

"नाही, काका. उभे होता तुम्ही."

कीर्तन संपल्यावर बुवांच्या पाया पडतात तसा मी काकाच्या पायांशी वाकलो.

"हे का करून राहिला रे रवी?" काका ओरडला. "चाल, तुयी गाडी काढ. पोरापाशी जाऊ दे मले."