पंधराला विकलेलं भाषण

लग्नाच्या मेजवानीत ग्लेनिसने लोण्याची बशी नवऱ्याच्या, गॉर्डनच्या, हाताखालून ओढून घेतली.

"पण विकलंस काय? तुझ्याकडे आहे काय विकायला?"

"काहीच नाही." गॉर्डन पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. "तो समोर बसलाय ना, केन, तो पैज घेतोय. म्हणतो, रोलंडचं भाषण पंधरा ते सतरा मिनिटं चालेल. लांबेल वाटलं तर सतराला घ्यायचं, आटपेल वाटलं तर पंधराला विकायचं. मी विकलं. पंधरापेक्षा जितकी मिनिटं कमी, तितके पाच-पाच पाउंड मला. वर गेलं की तेवढेच माझ्याकडून."

"पोकर खेळताना तर म्हणालास, पत्ते भारी असले की थोडेच पैसे लावून समोरच्याला भुलवायचं, ते विकणं."

"ते पोकरमधलं. हे वेगळं."

"शब्द तर तोच."

गॉर्डनने चष्मा काढून टेबलावर टाकला. थोरल्या भावाच्या पाल्हाळाला सगळं हॅलिफॅक्स गाव कंटाळलं होतं. पण सकाळी टाय बांधून देताना गॉर्डनने रोलंडच्या हातात एकच कागद पाहिला होता. नवऱ्या मुलीने, टेसाने, बापाला थोडक्यात आटपायचा दम भरला होता.

रोलंड उभा राहिला. पाहुण्यांचे आभार मानले, जावयाची थट्टा केली. मग म्हणाला, "आज टेसाची आई असती, माझी ऑड्री असती तर..."

पुढे शब्द येईनात. टेसाने मान खाली घातली. समोर केनने घड्याळाकडे पाहिलं, मग गॉर्डनकडे. रोलंड खाली बसायला मागची खुर्ची चाचपू लागला.

"व्हिटबीच्या सहलीतल्या तंबूचं सांग," गॉर्डन जागेवरूनच म्हणाला.

रोलंडने वळून पाहिलं.

"तंबू रे. ऑड्री कशी भडकली होती ते."

"भडकणारच," रोलंडने नाक पुसलं. "तंबू या शहाण्याने बांधला होता."

लोक हसले. रोलंडने कागद खिशात घातला आणि सुरुवात केली ती थेट व्हिटबीच्या रस्त्यापासून. टेसा हसता हसता डोळे पुसत होती. कॉफी आली, निवली. केनने घड्याळ पालथं करून ठेवलं.

"आता तू जिंकतोयस की हरतोयस?" ग्लेनिसने हळूच विचारलं.

"गप्प बस ना जरा."

रोलंड एकदाचा थांबला आणि त्याने ग्लास उचलला. गॉर्डन वैतागून खुर्चीत पुढे सरकला.

"अरे, आणि ते गाढव? तंबूत शिरलेलं? ते कोण सांगणार?"