हंसांची मोजणी

मोजणीच्या दिवशी इस्ले बेटावर सकाळपासून आडवा पाऊस लागला होता. कलहंस मोजायचे ते गाडीतूनच. माणूस पायी दिसला की अख्खा थवा उठतो, गाडीला मात्र ते भीक घालत नाहीत. इशबेल गाडी चालवत होती. शेजारी नवरा, टॉर्मड, मांडीवर दुर्बीण. सव्वीस वर्षं तो बेटावरच्या मोजणीचा मुख्य होता, आणि सव्वीस वर्षांत ती दुर्बीण त्याने बायकोच्या हाती एकदाही दिली नव्हती. तू रस्त्याकडे बघ, म्हणायचा.

उडत्या पाखराची पिसं मोजणाऱ्या या माणसाला आता समोरची भिंतही धड दिसत नव्हती. गेल्या हिवाळ्यापासून डोळे गेलेच होते म्हणा ना. हे फक्त इशबेलला ठाऊक होतं. लोकांना कळलं असतं तर मोजणी गेली असती, आणि मोजणीवाचून टॉर्मडकडे होतं काय? मूल नाही, मित्र नाही. चर्चमध्ये जायचा तोही छपरावरचे पारवे बघायला. म्हणून इशबेल हळूच आकडा सांगायची, आणि तोच आकडा तो रुबाबात तिला लिहायला लावायचा.

दोन शेतं अशीच उरकली. तिसऱ्यापाशी तिने तोंड उघडलं आणि तो उखडला.

"आता मोजणीही तूच करणार का? गप लिही."

काच खाली करून, तोंडावर पाऊस घेत त्याने दुर्बीण रोखली. भिंतीच्या आडोशाला काळतोंड्या मेंढ्या भिजत उभ्या होत्या. टॉर्मड पुटपुटत मोजत राहिला.

"एकशे चाळीस. काळ्या मानेचे."

त्याला थांबवायला एक शब्द पुरला असता. पण तो न बोलण्यात इशबेलला इतकं बरं वाटलं, इतकं गोड, की तिचं तिलाच नवल वाटलं. तिने एकशे चाळीस लिहिले आणि त्याची सही घेतली.

दुपारी गावच्या हॉलमध्ये सूप पिता पिता आकडे वाचले गेले. प्रत्येक शेत मागच्या गाडीने पुन्हा मोजायचं, ही रीत टॉर्मडनेच घातलेली. मागच्या गाडीतल्या फर्गसने अगदी खालच्या आवाजात सांगितलं, की तिसऱ्या शेतात नुसत्या मेंढ्या होत्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

"टॉर्मडकाका," फर्गस म्हणाला, "पुढच्या वेळी तुम्ही नुसते सूप प्यायला या."

परतताना टॉर्मडने विचारलं,

"तुला दिसत होत्या ना मेंढ्या?"

"दिसत होत्या."

टॉर्मडने दुर्बीण मागच्या सीटवर टाकली.

वळणापुढे कुंपणाच्या खांबावर समुद्रगरुड बसला होता, इतका जवळ की चोचीवरून ओघळणारं पाणी दिसावं. इशबेलने गाडी कडेला घेतली. मागची दुर्बीण तिने आवाज न करता उचलली आणि डोळ्यांना लावली.

"का थांबलीस?"

"समोरून गाडी येतेय. वाट देतेय."

इस्लेवर समोरच्याला हात केल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. टॉर्मड सावरून बसला, रिकाम्या रस्त्याकडे बघून ओळखीचं हसला, आणि त्याने हात वर केला.

"गेली का?"

"अजून यायचीय," दुर्बीण न काढता ती म्हणाली. त्याने हात तसाच वर धरून ठेवला.